नकाशा कुणाच्या हातात जाणार?

राष्ट्रीय शिक्षण धोरण आल्यापासून महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे त्याही आधीची. ही योजना १९६९पासून चालू आहे. भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी, समाजकार्य अशा शाखांचे विद्यार्थी त्या निमित्ताने गावात किंवा वस्तीत जातात आणि पुष्कळदा नकाशा काढून आणतात. जीपीएस मोबाइलमध्येच असते, नकाशा जुळवायची क्यूजीआयएससारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. नकाशा काढणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते कशाचा काढायचा हे ठरवणे.

बहुतेक गट सोयीचा विषय घेतात. तालुक्यातली पर्यटनस्थळे, गावाचे भूमी उपयोजन, महाविद्यालयाच्या आवारातली झाडे. नकाशा देखणा होतो, गुण चांगले पडतात आणि अहवाल विभागाच्या कपाटात जातो. मुलांनी मेहनत केलेली असते, पण ती कुणाच्या उपयोगी पडत नाही. विषय निवडताना एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: हा नकाशा हातात घेऊन कोण, कधी, कोणता निर्णय घेणार आहे? या प्रश्नाला नाव, पद आणि तारीख असलेले उत्तर मिळाले, तरच तो विषय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी नकाशात काय मावत नाही

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७पासून या भूमीचे नकाशे करत आला आहे. मग विद्यार्थ्यांनी नवे काय करायचे? याचे उत्तर नकाशाच्या प्रमाणातच मिळते. या विभागाचा नेहमी वापरला जाणारा स्थलदर्शक नकाशा १:५०,००० या प्रमाणाचा असतो. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर २ सेंटिमीटर होतो. या हिशेबाने पाच मीटर रुंदीची गल्ली कागदावर ०.१ मिलिमीटर येते. पेन्सिलीची रेघसुद्धा त्याहून जाड असते. सार्वजनिक नळ, गटाराचे तोंड, ओढ्यावरचा साकव, डोंगरातल्या वाडीकडे जाणाऱ्या पायऱ्या, यांतले बरेचसे अशा नकाशात दिसणारच नाही. तो नकाशा त्यासाठी केलेलाही नसतो.

उपग्रहाच्या चित्रात घरांची छपरे स्पष्ट दिसतात. पण त्या छपराखाली अंगणवाडी आहे की गोठा, समोरच्या हातपंपाला मे महिन्यात पाणी असते का, पावसाळ्यात ही वाट चालू राहते का, हे आकाशातून कळत नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. मोठ्या नकाशात न मावणारे आणि उपग्रहाला न दिसणारे, पण गावाला तोंडपाठ असलेले हे ज्ञान कागदावर आणणे, हेच विद्यार्थ्यांचे खरे काम आहे.

काठमांडू: भूकंपाआधी झालेली तयारी

नेपाळमध्ये २०१२च्या अखेरीस काठमांडू खोऱ्यासाठी एक नकाशा प्रकल्प सुरू झाला. जागतिक बँकेचे त्याला पाठबळ होते. भूकंप झाला तर कोणत्या शाळा आणि कोणती रुग्णालये धोक्यात येतील, हे आधी कळावे हा त्याचा हेतू. कामाला माणसे घेतली ती प्रामुख्याने विद्यापीठांतले विद्यार्थी आणि नुकते पदवीधर झालेले तरुण. त्यांनी दोन हजारांहून अधिक शाळांची आणि शेकडो आरोग्य केंद्रांची नोंद केली. इमारत कुठे आहे एवढेच लिहून ते थांबले नाहीत. ती किती मजली आहे, कशाने बांधली आहे, हेही त्यांनी नोंदवले. सगळी माहिती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर टाकली. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही भरू शकतो आणि कुणीही फुकट वापरू शकतो. याच कामातून २०१३मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था उभी राहिली.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसे गेली. त्या दिवसांत जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून नेपाळच्या दुर्गम भागातले रस्ते आणि घरे याच नकाशावर काढली. बचाव आणि मदत पथकांनी ते नकाशे वापरले. इतक्या घाईत हे जमले, कारण पाया आधी घातला गेला होता. काय नोंदवायचे, कसे नोंदवायचे, चुका कशा तपासायच्या, हे जाणणारे स्थानिक तरुण तिथे तयार होते. शाळा आणि रुग्णालये हा विषय निवडणाऱ्यांनी नकाशा वापरणारा आणि वापराची वेळ, दोन्हींचा विचार आधीच केला होता.

दार-ए-सलाम: पाणी कुठवर आले होते?

टांझानियातल्या दार-ए-सलाम शहराची मोठी लोकसंख्या आखणीशिवाय वाढलेल्या वस्त्यांत राहते. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी भरते. २०१५मध्ये तिथे रामानी हुरिया नावाचा प्रकल्प सुरू झाला. आर्धी विद्यापीठ आणि दार-ए-सलाम विद्यापीठ यांचे विद्यार्थी वस्तीतल्या रहिवाशांबरोबर फिरले आणि रस्ते, इमारती, गटारे नकाशावर आली. पुढच्या टप्प्यात गटारांची रुंदी-खोलीही मोजली गेली.

या प्रकल्पातले सर्वांत शिकण्याजोगे काम साधे होते. विद्यार्थ्यांनी रहिवाशांना विचारले की पूर येतो तेव्हा पाणी कुठवर येते. त्या उत्तरांतून पुराच्या कडा नकाशावर उमटल्या. महागड्या संगणकीय प्रारूपालाही शेवटी पडताळ्यासाठी अशीच माहिती लागते. तसेच, वस्तीतली सर्वांत छोटी प्रशासकीय विभागणी तिथल्या स्थानिक प्रमुखांना तोंडपाठ होती, पण कागदावर नव्हती. त्या हद्दीही पुढे याच पद्धतीने, प्रमुखांबरोबर चालत जाऊन आखल्या गेल्या. पुराच्या वेळी कोणत्या भागाची जबाबदारी कुणाची, हे त्यामुळे नकाशावर दाखवता येऊ लागले.

आपल्याकडचा वारसा

हे सगळे परदेशातच घडले असे नाही. केरळमध्ये १९९०च्या सुमारास केरळ शास्त्र साहित्य परिषदेने तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अभ्यास केंद्राबरोबर पंचायत पातळीवर संसाधनांचे नकाशे करायला घेतले. कन्नूर जिल्ह्यातली कल्लियाश्शेरी पंचायत त्यातली गाजलेली. गावातल्या स्वयंसेवकांनी जमिनीच्या सर्व्हे नकाशावर पीक, माती, पाणी यांच्या नोंदी केल्या. १९९६मध्ये केरळने पंचायतींकडे नियोजनाचे अधिकार आणि निधी देणारी लोकयोजना मोहीम सुरू केली, तेव्हा हा अनुभव हाताशी होता.

पुण्यात शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९०च्या दशकापासून वस्त्यांचे नकाशे रहिवाशांना बरोबर घेऊन करत आली आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी या तिच्या संस्थापकांपैकी. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलनिस्सारणाची वाहिनी कुठून जाते, या दोन गोष्टी त्यांनी एकाच नकाशावर आणल्या. त्या एकत्र आल्या की पुढचा निर्णय नेमका होतो. वाहिनी घराजवळ असेल तर घरोघरी शौचालय बांधता येते. नसेल तर आधी वाहिनी टाकण्याची मागणी करावी लागते. कोणत्या घराला काय हवे, हे नकाशा सांगतो आणि सरसकट एकच योजना लादली जात नाही.

विषय पारखायचा कसा

या उदाहरणांतून विषयाच्या काही कसोट्या हाती लागतात.

पहिली कसोटी वापरणाऱ्याची. 'ग्रामस्थांना उपयोग होईल' हे उत्तर पुरेसे नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, मुख्याध्यापक, पाणीपुरवठा समिती, प्रभागातला आरोग्य निरीक्षक, यांपैकी कोण? विषय ठरवण्याआधी त्या माणसाला भेटा आणि विचारा, 'तुम्हाला कोणती माहिती दरवेळी नव्याने शोधावी लागते?' चांगले विषय याच प्रश्नातून निघतात.

दुसरी कसोटी वेळेची. महाराष्ट्रात पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा टप्प्यांत होतो. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते याचा नकाशा जूनमध्ये हाती आला, तर त्या वर्षी तो वाया जातो. तोच ऑक्टोबरआधी दिला तर पुढच्या उन्हाळ्याची सोय होऊ शकते. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारीही साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात, त्यालाही ठरावीक मुदत असते. आधी ही तारीख पाहावी, मग महाविद्यालयाचे वेळापत्रक तिच्याभोवती बसवावे.

तिसरी कसोटी अचूकतेची. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचे जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असते. दाटीच्या गल्लीत किंवा झाडीखाली चूक वाढते. हातपंप, बसथांबा, दवाखाना यांसाठी एवढे पुष्कळ झाले. शेताच्या बांधासाठी मात्र ते अजिबात चालणार नाही. बांधाचा वाद भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनेच सुटतो. विद्यार्थ्यांच्या नकाशाने दोन भावांत नवे भांडण लावू नये.

चौथी कसोटी आवाक्याची. एक सत्र, दहा-बारा मुले आणि काही रविवार, एवढेच हाताशी असते. सगळा तालुका अर्धवट करण्यापेक्षा एकच वाडी पूर्ण करावी. अर्धवट नकाशात कोरी जागा दिसली की तिथे काही नाही की तिथे कुणी गेलेच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पाचवी कसोटी पुढच्या वर्षाची. झाड वर्षानुवर्षे जागेवर असते, रस्त्यावरचा दिवा महिन्यात बंद पडतो. पटकन बदलणारी गोष्ट नोंदवायची असेल, तर पुढच्या तुकडीने ती पुन्हा तपासायची तरतूद आधीच करावी.

एक विषय जवळून: पुराच्या खुणा

या सगळ्या कसोट्यांना उतरणारा एक विषय सांगली-कोल्हापूरच्या मुलांच्या दारातच आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या पुरांत २००५, २०१९ आणि २०२१ साली घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिंतींवर तपकिरी रेघा उरल्या. काही घरांनी त्या रंगाने जपून ठेवल्या, काहींवर नवा रंग बसला. खुणा पुसल्या जात आहेत आणि सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. म्हणून हे काम आत्ताच करण्यासारखे आहे.

एका घराची नोंद अशी होईल. दोघांनी जायचे. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचे, 'मावशी, एकोणीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?' त्या दारापाशी उभ्या राहून भिंतीवर हात ठेवतात. तिथपासून समोरच्या रस्त्यापर्यंत टेपने उंची मोजायची. उंबऱ्यापासून मोजले तर जोत्याची उंची हिशेबातून निसटते, म्हणून रस्त्यापासूनच. मोबाइलवर जागा टिपायची, खुणेचा फोटो घ्यायचा. साल लिहायचे. माहिती डोळ्यांनी दिसणाऱ्या रेघेवरून आहे की आठवणीवरून, हेही लिहायचे. पाणी यायला कोणत्या बाजूने सुरुवात झाली हा प्रश्न विसरायचा नाही. नदीच्या बाजूने आलेले पाणी आणि गटारातून उलटे आलेले पाणी यांवरचे उपाय निराळे असतात. शेजारच्या दोन घरांतून तीच गोष्ट पडताळायची. तिन्ही उत्तरे जवळपास आली तर नोंद पक्की समजायची.

एवढ्याने त्या जागेची पाण्याची खोली कळते. स्थापत्य शाखेची मुले बरोबर असतील तर आणखी एक पायरी चढता येते. लेव्हल यंत्र लावून ज्ञात उंचीच्या खुणेपासून प्रत्येक ठिकाणच्या रस्त्याची पातळी काढता येते. रस्त्याची पातळी आणि भिंतीवरची उंची यांची बेरीज म्हणजे त्या दिवशीची पाण्याची पातळी. मग गल्ल्यांची तुलना नीट करता येते.

याचा उपयोग सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे असते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३ फूट ही पातळी तशीच लोकांच्या तोंडी असते. प्रश्न असतो तो एवढाच: पुलाजवळ इतके फूट झाले की माझ्या गल्लीत पाणी येते का? खुणांचा नकाशा त्याचे गल्लीवार उत्तर देऊ शकतो. सामान कधी हलवायचे, आजारी माणसाला कधी बाहेर न्यायचे, जनावरे कधी सोडायची, हे कुटुंब आधी ठरवू शकते. होडी कुठून घालायची आणि निवारा कुठे उघडायचा, हे आपत्ती व्यवस्थापनाला कळते. जलसंपदा विभागाच्या पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदाच्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल, यांच्याशी लोकांचा अनुभव ताडून पाहता येतो.

डोंगरातल्या वाड्या आणि वाटा

दुसरा विषय सह्याद्रीतला. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात पायी चढून गेली, अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. गाडीरस्ता नसलेल्या वाड्या आणि पाडे सह्याद्रीत आणखीही आहेत. त्यांच्या पायवाटा, पावसाळ्यात बंद होणारे ओढे, रुग्णवाहिका जिथवर येऊ शकते ती जागा, मोबाइलला रेंज मिळते ती टेकडी, डोलीने उतरायला लागणारा वेळ, एवढ्या नोंदी असलेला एक पानी नकाशा आशाताईंकडे, १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाकडे आणि तहसील कार्यालयाच्या भिंतीवर असावा. वाडीतल्या माणसाबरोबर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा श्रावणात चालल्याशिवाय तो होणार नाही, कारण दोन्ही ऋतूंत वाट वेगळी असते.

दरड कोसळेल की नाही हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे नाही. ते भूवैज्ञानिकांचे काम. पण जमिनीला नवी भेग कुठे पडली, झऱ्याची जागा कुठे बदलली, हे गावकऱ्यांनी सांगितल्यावर तारीख घालून नोंदवणे आणि तहसीलदारांपर्यंत पोचवणे मुलांच्या आवाक्यातले आहे.

काय नकाशावर आणायचे नाही

नकाशाने भले होते तसे नुकसानही होऊ शकते. हक्काचा कागद नसलेल्या झोपड्या घरागणिक टिपलेला नकाशा उद्या बुलडोझरला वाट दाखवू शकतो. असे काम वस्तीने स्वतः मागितले असेल तरच करावे आणि माहिती कुणाकडे राहणार हे आधी ठरवावे. देवराईतल्या दुर्मीळ औषधी वनस्पतीची किंवा गिधाडाच्या घरट्याची नेमकी जागा उघड करू नये. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणत्या घरात बाई एकटी राहते, हे कधीही लिहू नये.

कायद्याच्या दृष्टीने वाट मोकळी आहे. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांच्या बाबतीतले निर्बंध मात्र आहेत, ते शिक्षकांनी आधी वाचावेत.

नकाशा परत देणे

नकाशा पूर्ण झाला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे तो ज्यांच्या माहितीवर उभा राहिला त्यांना परत देणे. मोठा कागदी नकाशा छापावा, मराठीत, गावाने वापरलेल्या नावांनिशी आणि नोंदींची तारीख घालून. आधी महिला सभेत दाखवावा. पाणी, शौचालय, अंधारी वाट यांबद्दलच्या दुरुस्त्या तिथे जास्त नेमक्या मिळतात, कारण या गोष्टींचा त्रास बायकांना रोजचा असतो. त्या दुरुस्त्या करून मग ग्रामसभेत मांडावा आणि त्यावर झालेला ठराव इतिवृत्तात येतो का ते पाहावे. खाजगी काही नसेल तर माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर टाकावी, म्हणजे मुले पास होऊन गेली तरी ती सगळ्यांना मिळत राहील. एक प्रत पंचायतीत, एक शाळेत आणि मूळ नोंदी विभागात, पुढच्या तुकडीसाठी.

गुण देतानाही शिक्षकांनी एक रकाना वाढवावा. नकाशा किती देखणा आहे याबरोबरच, तो ज्याच्यासाठी केला त्याने तो वापरला का, यालाही गुण असावेत. सहा महिन्यांनी मुलांनी परत जाऊन विचारावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सांगितले की नव्या वाहिनीचा प्रस्ताव याच नकाशावरून केला, तर प्रकल्प यशस्वी. नकाशा गुंडाळूनच ठेवलेला असेल तर का ठेवला ते ऐकून घ्यावे आणि पुढच्या गटाला सांगावे, म्हणजे त्यांचा विषय अधिक नेमका निघेल. दरवर्षी श्रेयांकांसाठी होणारी ही मेहनत अशी कामी लागली, तर प्रत्येक महाविद्यालयाभोवतीची पाच-दहा गावे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गरजेपुरती आणि खरोखर वापरता येईल अशी नकाशावर येतील.